गाडीत दोन किंवा तीन अ‍ॅम्प जोडताना: बॅटरीपासून गेनपर्यंतचा क्रम

गाडीत एक अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आधीच आहे आणि दुसरा बसवायचा आहे, अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. पहिल्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलमध्येच दुसरी पॉवर वायर खोचतात, अर्थची वायर हाताशी येईल त्या बोल्टला देतात आणि रिमोटच्या (अ‍ॅम्प चालू करणाऱ्या) वायरी पिळून वर टेप गुंडाळतात. गाणं वाजतं, म्हणून काम झालं असं वाटतं. मग घोडबंदर रोडच्या जाममध्ये एसी, हेडलाइट आणि वायपर एकत्र चालू असताना अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो), नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. दोष अ‍ॅम्पला दिला जातो, पण तो बहुधा वायरिंगमध्ये असतो.

एकापेक्षा जास्त अ‍ॅम्पचं वायरिंग एका अ‍ॅम्पच्या वायरिंगची नक्कल करून होत नाही. इमारतीच्या टाकीतून एक मोठा पाइप उतरतो आणि मजल्यामजल्यावर त्याला फाटे फुटतात, तशी इथली रचना हवी. बॅटरीपासून एकच जाड वायर, डिकीत फाटे, आणि सगळ्यांचा अर्थ एकाच जागी. खाली उदाहरण म्हणून दरवाज्यांच्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा एक अ‍ॅम्प आणि सबवूफरसाठी एक मोनो अ‍ॅम्प घेतला आहे. तिसरा आला तरी क्रम हाच राहतो.

## तयारी: वायर विकत घेण्याआधी

### १. करंटचा हिशेब कागदावर करा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट विसरा. मॅन्युअलमधला आरएमएस (सतत देता येणाऱ्या पॉवरचा) आकडा घ्या. त्याला १३.८ व्होल्टने भागा आणि मग अ‍ॅम्पच्या कार्यक्षमतेने भागा. क्लास डी प्रकारच्या अ‍ॅम्पसाठी ०.८ आणि क्लास एबी साठी ०.५५ धरले तर हिशेब वास्तवाच्या जवळ येतो.

मोनो अ‍ॅम्प क्लास डी, २ ओहमला ५०० वॅट: सुमारे ४५ अँपिअर.
चार चॅनेलचा क्लास एबी, ७५ वॅट गुणिले ४, म्हणजे ३०० वॅट: सुमारे ४० अँपिअर.
एकूण ८५ अँपिअर.

गाणी वाजताना सरासरी करंट याच्या निम्म्याहून कमी असतो, कारण बासचा ठोका क्षणभराचा असतो. म्हणून वायर आणि फ्यूज ८५ धरून निवडायचे, आणि अल्टरनेटर पुरेल का हे सरासरीवरून पाहायचं. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की कोणी वायर बारीक घेतो, तर कोणी गरज नसताना अल्टरनेटर बदलायला निघतो.

### २. गाडी किती देऊ शकते ते पाहा

अल्टरनेटरवरचं लेबल वाचा. त्यावरचा अँपिअरचा आकडा जास्त आरपीएमचा असतो. गाडी आयडलला उभी असताना त्यापेक्षा बरंच कमी मिळतं, आणि त्यातूनच एसीचा पंखा आणि दिवेही चालतात. पाम बीच रोडवर धावताना मस्त वाजणारी सिस्टिम माजिवड्याच्या सिग्नलला थकते, ती याच कारणाने.

अनेक पेट्रोल हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून अशा बॅटरीवर दोन अ‍ॅम्प मोठ्याने वाजवले, तर गाडी पुन्हा सुरू होण्याइतका चार्ज उरेलच असं नाही. कपॅसिटर लावल्याने हा प्रश्न सुटत नाही. तो क्षणभराची मागणी भागवतो, वीज तयार करत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन मूळ वायरी जाड करून घ्या. तो खर्च कमी आहे आणि फरक जास्त पडतो.

थांबा आणि तपासा: बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल (ऑटो स्टार्ट-स्टॉपच्या बहुतेक गाड्यांत असतो), तर नवी अर्थ वायर थेट त्या टर्मिनलला लावू नका. ती बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा मिळेल. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या केबलना हातसुद्धा लावायचा नाही. तिथलं १२ व्होल्टचं कामही जाणकाराकडूनच करून घ्या.

### ३. वायर आणि फ्यूज निवडा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा घराजवळच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ‘अ‍ॅम्प किट’ मिळतं. ते एका अ‍ॅम्पसाठी असतं. त्यातली वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड दिसते, पण पुष्कळदा ती जाडी प्लॅस्टिकची असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम असतं. टोक सोलून सुरीने तार खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर ते अ‍ॅल्युमिनिअम. कथील-मुलाम्याचा तांब्याचा धागाही वरून पांढरा दिसतो, पण खरवडल्यावर आत तांबडा निघतो.

पाच मीटर लांबीच्या वायरमध्ये ८५ अँपिअरला व्होल्टेज किती पडतं ते पाहा. शुद्ध तांब्याच्या ३५ स्क्वेअर एमएममध्ये साधारण ०.२ व्होल्ट, १६ स्क्वेअर एमएममध्ये जवळजवळ ०.४७ व्होल्ट. अ‍ॅल्युमिनिअमवाली २५ ची वायरसुद्धा तांब्याच्या १६ इतकंच काम करते. या उदाहरणासाठी माझी निवड अशी:

- मुख्य वायर: तांब्याची ३५ स्क्वेअर एमएम, बॅटरीजवळ १०० अँपिअरचा फ्यूज.
- मोनो अ‍ॅम्पचा फाटा: १६ स्क्वेअर एमएम, ६० अँपिअरचा फ्यूज.
- चार चॅनेलचा फाटा: १० स्क्वेअर एमएम, ५० अँपिअरचा फ्यूज.
- अर्थ: प्रत्येक अ‍ॅम्पचा त्याच्या पॉवरच्या फाट्याइतका जाड, आणि अर्थच्या ब्लॉकपासून (सगळे अर्थ एकत्र येतात तो ठोकळा) बॉडीपर्यंत ३५.

बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवतो, अ‍ॅम्प नाही. म्हणून तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नसावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळू देणं. अ‍ॅम्पच्या अंगावर फ्यूज नसेल, तर फाट्याचा फ्यूज मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच घ्या.

थिंबल (वायरच्या टोकाला बसणारे धातूचे जोड) कथील-मुलाम्याचे घ्या आणि ते क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कडीने चेपलेला थिंबल धक्क्यांनी सैल होतो. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागात खारट दमट हवेने उघडं तांबं लवकर हिरवं पडतं, म्हणून प्रत्येक थिंबलवर हीट श्रिंक स्लीव्ह हवीच.

### ४. अ‍ॅम्पची जागा ठरवा

डिकीच्या तळाशी अ‍ॅम्प बसवू नका. पावसाळ्यात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं, आणि पुढच्या सीटखाली ओल्या चपलांचं व एसीचं पाणी येतं. मागच्या सीटच्या पाठीला किंवा डिकीच्या बाजूला प्लायची फळी बसवून त्यावर अ‍ॅम्प लावा. दोन अ‍ॅम्पमध्ये चार-पाच बोटं अंतर ठेवा आणि एकावर एक रचू नका.

इशारा: बऱ्याच गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. खालून पाहिल्याशिवाय फ्लोअरमध्ये एकही स्क्रू मारायचा नाही. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या ब्रॅकेटला, पट्ट्याला किंवा गॅसच्या पाइपला अ‍ॅम्प, वायर, अर्थ यांपैकी काहीही बांधायचं नाही. गॅसचा वास येत असेल तर काम तिथेच थांबवा आणि आधी गळती दुरुस्त करून घ्या.

## जोडणी: याच क्रमाने

### ५. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मग पॉवर वायर ओढा

१० च्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवा. शेवटी जोडतानाही निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात) आधीच असलेलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेचं रबर, शोधा. नवं भोक पाडावंच लागलं तर दोन्ही बाजूंनी पाहून पाडा, कड घासा, गंजाला अटकाव म्हणून रंग लावा आणि ग्रोमेट बसवूनच वायर सरकवा. पत्र्याच्या कडेवर घासलेली वायर पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही, काही महिन्यांनी शॉर्ट होते. बॉनेटखाली वायरवर पन्हळी प्लॅस्टिक पाइप चढवा. सायलेन्सरचा पाइप, बेल्ट आणि पंखा यांपासून ती लांब ठेवा. ग्रोमेटपाशी वायरला थोडा खालचा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत केबिनमध्ये न येता तिथेच ठिबकेल.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा. होल्डर बसवा, पण फ्यूज आत्ता खिशातच ठेवा.

आतून सिल प्लेट (दाराच्या उंबऱ्याची पट्टी) उघडताना पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत. ते सोडवायचे नाहीत आणि त्यांवरून वायर ताणायची नाही.

### ६. डिकीत फाटे फोडा

फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक अ‍ॅम्पच्या जवळ, फळीवरच बसवा. जाड वायर आत, बारीक वायरी बाहेर, प्रत्येकीला स्वतःचा फ्यूज. वायर जिथे जाडीची बारीक होते तिथे फ्यूज हवाच, कारण पुढचा १०० चा फ्यूज १० स्क्वेअर एमएमच्या फाट्याला वाचवू शकत नाही. एका अ‍ॅम्पच्या टर्मिनलमधून दुसऱ्याला पॉवर नेण्यात हीच चूक दडलेली असते. शिवाय त्या टर्मिनलच्या स्क्रूवर दोघांचा करंट येतो आणि तो तापतो.

### ७. अर्थ: इथे घाई करू नका

तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त दोष याच टप्प्यात निघतात. प्रत्येक अ‍ॅम्पचा अर्थ वेगळ्या बोल्टला दिला, तर त्या दोन जागांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. तो फरक आरसीएच्या (स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पकडे नेणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि शिट्टी म्हणून ऐकू येतो. म्हणून सगळ्या अ‍ॅम्पचे अर्थ एका ब्लॉकवर आणा आणि तिथून एकच जाड वायर बॉडीला द्या. ती ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

जागा निवडताना बॉडीचा जाड, वेल्ड केलेला भाग घ्या. सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका, तो जिवाशी संबंधित आहे. डिकीच्या झाकणाचा किंवा सीटच्या रेलचा बोल्टही नको, कारण तिथे रंग आणि ग्रीस असतं.

पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर पूर्ण घासा, पत्रा चांदीसारखा चमकला पाहिजे. थिंबल, दातेरी वायसर, बोल्ट, नट, या क्रमाने घट्ट आवळा. नंतर, आणि फक्त नंतर, वरून व्हॅसलिन किंवा रंग लावून ती जागा बंद करा. आधी लावलं तर तोच थर मध्ये अडसर होतो.

तपासणीबद्दल: बरेच जण मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थ तपासतात. साध्या मीटरच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, त्यामुळे हे मोजमाप निरर्थक ठरतं. खरी तपासणी टप्पा ११ मध्ये आहे.

### ८. रिमोट

स्टिरिओची निळी-पांढरी वायर अ‍ॅम्पला ‘चालू हो’ एवढंच सांगते, तिची ताकद मर्यादित असते. दोन अ‍ॅम्प तिच्यावर सहसा चालतात. तिसरा अ‍ॅम्प, पंखा किंवा दिवे जोडायचे असतील तर गाडीचा १२ व्होल्टचा रिले लावा: ८६ वर स्टिरिओची रिमोट, ८५ वर अर्थ, ३० वर छोट्या फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, ८७ वरून सगळ्या अ‍ॅम्पकडे. ८५ आणि ८६ मध्ये १एन४००७ डायोड लावा, पट्टी ८६ कडे. नाहीतर रिले बंद होताना उठणारा झटका स्टिरिओकडे जातो.

### ९. आरसीए

पॉवर वायर गाडीच्या ज्या बाजूने गेली असेल तिच्या विरुद्ध बाजूने आरसीए न्या. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. स्टिरिओला फ्रंट, रिअर आणि सब असे तीन प्रीआउट (आरसीए लावायचे आउटपुट) असतील तर प्रत्येकाची वेगळी जोडी ओढा. एकच जोडी असेल तर पहिल्या अ‍ॅम्पचा लाइन-आउट वापरून दुसऱ्याला सिग्नल द्या, पण आधी मॅन्युअलमध्ये पाहा: काही अ‍ॅम्पमध्ये तो आउटपुट आधीच क्रॉसओव्हरने (ठरावीक सूर गाळणाऱ्या फिल्टरने) कापलेला असतो.

कंपनीचा मूळ टचस्क्रीन ठेवायचा असेल तर स्पीकरच्या वायरींवर लाइन कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएसाठी बदलून देणारा) लागेल. तिथे स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थला जोडू नका, त्या आउटपुटचा आतला भाग जळतो.

इशारा: सिस्टिम चालू असताना आरसीए काढू-घालू नका. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडेला आत एक अगदी बारीक फ्यूज असतो. तो उडाला की शिट्टी कायमची मागे लागते.

### १०. स्पीकर आणि सब

दुहेरी ४ ओहम कॉइलचा एक सब पॅरललमध्ये २ ओहम होतो, सिरीजमध्ये ८. असे दोन सब सगळे पॅरलल केले तर १ ओहम होतो, आणि २ ओहमपर्यंतच चालणारा अ‍ॅम्प तापून बंद पडतो. जोडून झालं की अ‍ॅम्पला लावण्याआधी वायरींच्या टोकांवर मीटर धरा. मीटरचा आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो, ४ च्या जागी साडेतीनच्या आसपास. ब्रिज करताना (दोन चॅनेल जोडून एक करताना) बहुतेक चार चॅनेलच्या अ‍ॅम्पना किमान ४ ओहम लागतो.

## चालू करणे आणि जुळवणे

### ११. पहिल्यांदा वीज देताना

सर्व गेन शून्यावर, स्पीकर काढलेले, सर्व फ्यूज बाहेर. मुख्य वायर आणि बॉडी यांमध्ये शॉर्ट नाही हे मीटरच्या बीपने पाहा. मग बॅटरी जोडा, निगेटिव्ह शेवटी. मुख्य फ्यूज टाका, डिकीतल्या ब्लॉकवर १२ पेक्षा जास्त व्होल्ट मिळतात का पाहा. त्यानंतर फाट्यांचे फ्यूज एकेक करून टाका. सगळे एकदम टाकले तर गडबड कुठल्या फाट्यात आहे हे कळत नाही. स्टिरिओ लावा, प्रत्येक अ‍ॅम्पचा पॉवरचा दिवा लागला पाहिजे, प्रोटेक्टचा नाही. स्टिरिओ बंद केल्यावर दोन्ही विझले पाहिजेत. एखादा जळत राहिला तर रिमोट चुकीच्या पॉझिटिव्हला गेली आहे आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल.

गेन लावून झाल्यावर (टप्पा १२) इंजिन चालू ठेवून मोठ्याने बास वाजवा आणि व्होल्टेजचा फरक मोजा. बॅटरीचा पॉझिटिव्ह ते अ‍ॅम्पचा पॉझिटिव्ह: अर्ध्या व्होल्टच्या आत. अ‍ॅम्पचा अर्थ ते बॅटरीचा निगेटिव्ह: ०.२ व्होल्टच्या आत. दुसरा आकडा मोठा आला तर टप्पा ७ पुन्हा करा. यासाठी मीटरची एक तार लांब करून घ्यावी लागते, ती खटपट जरूर करा.

हे काम दिवसा करा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बास घुमतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शांततेची आहे.

### १२. गेन

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची क्षमता यांचा मेळ त्याने घालायचा असतो. बास बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर बंद करा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा. पेन ड्राइव्हवरून ० डीबीचा टोन वाजवा: सबसाठी ५० हर्ट्झ, दरवाज्यांसाठी १००० हर्ट्झ. स्पीकर काढलेलेच असू द्या, मीटर एसी व्होल्टवर अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. (१००० हर्ट्झला काही स्वस्त मीटर चुकीचं दाखवतात, तसं वाटलं तर ४०० हर्ट्झचा टोन घ्या.)

किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॅट आणि २ ओहमसाठी ३१.६ व्होल्ट. ७५ वॅट आणि ४ ओहमसाठी १७.३. गेन हळूहळू वाढवत तिथे आणा आणि सोडा. गेन पूर्ण फिरवूनही आकडा येत नसेल तर स्टिरिओचा प्रीआउट कमजोर आहे किंवा खोक्यावरचे वॅट खरे नाहीत. बास बूस्टने ती कसर भरून काढू नका, सबचा कॉइल जळण्याची सुरुवात तिथून होते.

आता स्पीकर जोडा. दरवाज्यांना ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), सबला ८० चा लो पास (त्यावरचे अडवणारा). पोर्टवाली पेटी असेल तर २५-३० हर्ट्झचा सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर) चालू. सब दरवाज्यांवर कुरघोडी करत असेल तर फक्त सबचा गेन खाली आणा. शेवटी सबचा प्लस-मायनस उलटा करून पाहा आणि ड्रायव्हर सीटवर बसून ज्यात ढोलकीचा ठोका भरीव वाटेल ती जोडणी ठेवा.

## तक्रार आली तर कुठे पाहायचं

आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी. सिस्टिम बंद करून अ‍ॅम्पकडचे आरसीए काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर दोष सिग्नलच्या बाजूला: स्टिरिओचा अर्थ, आरसीएचा मार्ग, तो बारीक फ्यूज. आरसीए काढूनही राहिली तर पॉवर किंवा अर्थ.

एकच अ‍ॅम्प मध्येच बंद होतो. त्याच्या टर्मिनलवर वाजताना व्होल्ट मोजा. ११ च्या खाली घसरत असतील तर फाटा किंवा थिंबल. व्होल्ट ठीक आणि अंग तापलेलं असेल तर ओहम किंवा हवा.

दोन्ही एकदम बंद होतात. मुख्य फ्यूजचा होल्डर हाताला गरम लागतो का पाहा. लागत असेल तर आतला स्क्रू सैल आहे किंवा वायरचे धागे अर्धे बाहेर राहिले आहेत.

हेडलाइट ठोक्याला मंद होतात. बॅटरीची मूळ अर्थ वायर आधी, बॅटरीची अवस्था नंतर, अल्टरनेटर सर्वांत शेवटी.

पहिल्या महिन्यानंतर ब्लॉकचे आणि अर्थचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा, तांब्याचे धागे दबून जागा घेतात तेव्हा ते सैल होतात. दरवर्षी मे अखेरीस अर्थचा बोल्ट उघडून गंज पाहा, घासा, पुन्हा बंद करा. फ्यूजचे आकडे, वायरीचा मार्ग आणि गेनचे व्होल्ट एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक अंदाजाने काही कापणार नाही. विम्याचं नूतनीकरण करताना ही सगळी सामग्री इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज म्हणून किमतीसह जाहीर करा, बिलं जपून ठेवा.